आधी वाट, मग ओटा: स्वयंपाकघर आणि बैठकीची वाढीव खोली कशी मांडावी

घराला मागे किंवा बाजूला एक खोली जोडायची आणि स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल, बैठक हे सगळं एका मोठ्या जागेत आणायचं ठरलं, की बोलणं लगेच ओट्याच्या आकारावर येतं. एल की यू? मधे आयलंड, म्हणजे भिंतीपासून सुटा ओटा, बसेल का? प्रश्न रास्त आहेत, पण फार लवकर विचारले जातात. ओटा कुठे बसेल हे ठरतं घरातली माणसं कुठल्या दारातून कुठल्या दाराकडे जातात त्यावरून. ही वाट आधी आखली तर ओटा, टेबल आणि सोफा यांना आपापली जागा सापडत जाते. वाट शेवटी आखली तर ती हमखास शेगडी आणि सिंकच्या मधून जाते, आणि मग पुढची वीस वर्षं गरम भांडं हातात घेऊन "बाजूला हो" म्हणत राहावं लागतं.

आठवडाभराच्या नोंदी

पेन्सिल हातात घेण्यापूर्वी आठवडाभर सध्याच्या घरात काय चालतं ते लिहून ठेवा. सकाळच्या घाईत एका वेळी ओट्याशी किती जण असतात? फ्रिज जास्त कोण उघडतं, स्वयंपाक करणारी व्यक्ती की येता-जाता बाकीचे? मुलं वह्या पसरून कुठे बसतात? बाहेरून आणलेल्या पिशव्या आधी कुठे टेकतात? कपडे धुण्याचं मशीन, इस्त्री, झाडू-पोछा, रिकामे डबे यांची जागा आत्ता कुठे आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. भिंत पाडली की तिच्यावरची कपाटंही जातात, आणि नव्या खोलीची एक अख्खी बाजू काचेच्या दारांना जाते. म्हणजे जागा वाढते आणि कपाटं टेकवायला भिंत मात्र कमी होते. आत्ताची सगळी कपाटं टेपने मोजा, त्यांच्या रुंदीची फुटांत बेरीज करा आणि हा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. प्रत्येक नवी मांडणी त्या आकड्याशी ताडून पाहायची. कमी पडत असेल तर हॉल आणि नव्या खोलीच्या मधे चार-पाच फुटांची एक बंद कोठी काढणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. उजेड नसलेली मधली जागा तिला चालते.

कागदावर काय काढायचं

ग्राफ पेपर घ्या आणि १ फुटाला १ सेंटिमीटर हे प्रमाण धरा. २५ फूट लांबीची खोली साध्या ए-४ कागदावर मावते. आधी फक्त न हलणाऱ्या गोष्टी काढा: भार पेलणाऱ्या भिंती, जिना, सांडपाण्याचे चेंबर आणि पाइप, पाण्याची व गॅसची लाइन, विजेचा मीटर, हद्द, मोठी झाडं, शेजारच्या खिडक्या, वरच्या मजल्याच्या खिडकीचा खालचा काठ. नव्या भागाला उतरतं छप्पर घालणार असाल तर ते या काठाच्या खालीच भिंतीला भेटलं पाहिजे, त्यामुळे खोलीची उंची आणि लांबी दोन्ही इथेच बांधली जातात. हद्दीपासून किती अंतर सोडायचं, किती बांधता येतं, याचे स्थानिक नियमही याच टप्प्यावर पाहून घ्या. बसत नसलेल्या खोलीची मांडणी करण्यात महिने जातात.

फ्रिज, टेबल, सोफा, आयलंड यांचे त्याच प्रमाणात पुठ्ठ्याचे तुकडे कापा. प्रत्येक तुकड्याला त्याची वापराची जागाही चिकटवा, ही खरी युक्ती आहे. टेबलाच्या तुकड्यासोबत खुर्ची मागे सरकवण्याची जागा, फ्रिजसोबत दार उघडण्याची जागा, डिशवॉशरसोबत खाली उघडणाऱ्या दाराची साधारण २ फुटांची पट्टी. नुसत्या वस्तू मांडल्या तर प्रत्येक खोली प्रशस्त दिसते.

वाटा

आता घरातून या खोलीत येणारी आणि खोलीतून बाहेर जाणारी सगळी दारं रेघेने जोडा. सहसा दोन किंवा तीन रेघा निघतात: हॉलपासून अंगणाकडे, हॉलपासून सोफ्याकडे, आणि बाजूला न्हाणीघर किंवा धुण्याची जागा असेल तर तिकडे. मुख्य वाट ३ ते ३.५ फूट रुंद ठेवा. समोरासमोर दोघं जण येणार असतील तर ४ फूट.

चांगली वाट खोलीच्या एका कडेने जाते. तिरकी वाट खोलीचे दोन त्रिकोण करते आणि त्रिकोणात फर्निचर बसत नाही. हॉलचं दार डाव्या कोपऱ्यात आणि अंगणाचं दार उजव्या कोपऱ्यात असेल, तर मांडणी सुधारायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोनपैकी एक दार सरकवणं. नवी भिंत अजून बांधायचीच आहे, त्यामुळे तिच्यातलं दार कुठेही घेता येतं. काचेची दारं भिंतभर लावली तरी उघडणारा पल्ला वाटेच्या रेषेतच ठेवा, बाकीचे पल्ले बंद काच म्हणून राहू देत. नाहीतर सोफा कुठेही ठेवला तरी कुठल्यातरी दाराच्या आड येतो.

वाट स्वयंपाकाच्या पट्ट्यातून जाऊ नये, पण त्याच्या कडेला स्पर्श करून जावी. फ्रिज त्या स्पर्शाच्या जागी ठेवायचा. मग पाणी घ्यायला येणारा माणूस शेगडीपर्यंत पोचतच नाही.

एक सावधगिरी: हॉलची भिंत पाडून जिना थेट मोठ्या खोलीत उघडा करण्याचा मोह होतो. स्वयंपाकघरात आग लागली तर वरच्या मजल्यावरच्यांचा बाहेर पडण्याचा एकमेव रस्ता त्या आगीतूनच जाईल. धूर जिन्यातून वर चढतो तो वेगळाच. जिना आणि ही खोली यांच्यामधली भिंत आणि दार राहू द्यावं. सरकतं काचेचं दार लावलं तर उजेड जातो-येतो, पण आगीच्या दृष्टीने ते किती वेळ टिकेल हे आर्किटेक्टला विचारल्याशिवाय ठरवू नका.

आत काय, बाहेर काय

जुनी खोली आतल्या बाजूला आणि नवी खोली अंगणाकडे, असे दोन तुकडे एकत्र येतात. स्वयंपाकघर कुठल्या तुकड्यात ठेवायचं हा इथला मोठा निर्णय.

बहुतेक घरांत स्वयंपाकघर आतल्या, म्हणजे जुन्या तुकड्यात ठेवणं बरं पडतं. तिथे भरीव भिंती असतात, उंच कपाटं आणि फ्रिज टेकवता येतात, पाणी-ड्रेनेज जवळ असतं, घराच्या दारापासून सामान आणायला अंतर कमी. ओट्यावर तसेही दिवे लावावेच लागतात. उजेड आणि अंगणाचं दृश्य मात्र बसणाऱ्यांच्या वाट्याला येतं, आणि तास न् तास बसतात तेच.

उलट मांडणी, म्हणजे अंगणाकडे ओटा आणि आत सोफा, दोन परिस्थितींत योग्य ठरते. घरात दिवसा सगळ्यांत जास्त वेळ ओट्याशीच जात असेल आणि जेवणं बाहेर अंगणात होत असतील, तर. किंवा संध्याकाळीच वापरली जाणारी, टीव्हीसाठी थोडी अंधारी बैठक हवी असेल, तर. पण मग काच निम्म्याहून जास्त भिंत घेणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर उंच कपाटांना जागाच उरत नाही.

टेबल कायम या दोघांच्या मधे. ते सोफ्याच्या पलीकडे गेलं की ताटं घेऊन बैठकीतून फेऱ्या सुरू होतात.

रुंदी मोजली की आकार ठरतो

ओट्याचा आकार आवडीवर कमी आणि खोलीच्या रुंदीवर जास्त अवलंबून असतो. आकडे हे धरा: ओट्याची खोली, म्हणजे भिंतीपासून पुढच्या काठापर्यंतचं अंतर, २५ इंच. समोरासमोरच्या ओट्यांमधली गल्ली एकट्याने काम करायला ४२ इंच, दोघांना ४८ इंच. ५४ इंचांच्या वर गेलात तर प्रत्येक वेळी वळून एक पाऊल जास्त टाकावं लागतं, आणि ते दिवसातून शेकडो वेळा. गल्ली ऐसपैस करणं हा दोष आहे, चैन नाही.

समांतर ओट्यांना २५ + ४२ + २५, म्हणजे ७ फूट ८ इंच लागतात. अरुंद जागेत याच्याइतकी काटकसरीची मांडणी दुसरी नाही. १९२६ साली वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी आखलेलं प्रसिद्ध फ्रँकफर्ट स्वयंपाकघर साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं होतं आणि त्यात सगळं हाताशी होतं. मात्र ते एकट्या माणसाने काम करण्यासाठी, बैठकीपासून वेगळं आखलेलं होतं. वाढीव खोलीत समांतर ओटे घेताना एक टोक बंद ठेवा. दोन्ही टोकं उघडी राहिली की गल्लीचा रस्ता होतो.

आयलंडसाठी भिंतीचा ओटा २५, गल्ली ४२, आयलंड २४ आणि पलीकडची वाट ३६ इंच धरले तर १० फूट ७ इंच. हे स्टूल नसलेलं, अगदी किमान. पलीकडे स्टूल हवे असतील तर आयलंड ३६ इंच आणि बसलेल्यांच्या मागून चालत जायला काठापासून ४४ इंच, म्हणजे १२ फूट ३ इंच. यापेक्षा खोली अरुंद असेल तर आयलंडचं एक टोक भिंतीला किंवा ओट्याला जोडून टाका. वाट एकाच टोकाला राहते आणि साठवण वाढते. कमी रुंदीत रेटून बसवलेल्या आयलंडपेक्षा हे कितीतरी चांगलं.

एल आकार टेबलाला जागा मोकळी सोडतो, एक कोपरा मात्र खातो. यू आकारात दोन कोपरे जातात. कोपऱ्यातलं प्रत्येकी सुमारे २ फूट बाय २ फूट कपाट फिरत्या जाळ्या लावूनही अर्धंच उपयोगी पडतं, शिवाय त्या जाळ्या महाग.

शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्या मध्यबिंदूंना जोडणारा त्रिकोण हे जुनं माप अजून कामाचं आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ते रुजलं: प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, तिन्हींची बेरीज १३ ते २६ फूट, आणि त्यातून इतरांची वाट नसावी. तो त्रिकोण एका स्वयंपाक करणाऱ्यासाठी आहे. दोघं काम करत असतील तर दुसऱ्याला चिरण्या-मळण्यासाठी स्वतःचा ३ फूट ओटा द्या. त्रिकोण आपोआप मोकळा होतो.

एक खोली पुरती मोजून

१४ फूट रुंद खोली घेऊ. जुना भाग १२ फूट लांब, नवा १३ फूट, एकूण २५. हॉलचं दार डाव्या कोपऱ्यात, अंगणाचं दारही डावीकडे. वाट डाव्या भिंतीच्या कडेने सरळ.

जुन्या भागात उजव्या भिंतीला २५ इंचांचा ओटा, ४२ इंचांची गल्ली, ३६ इंचांचं आयलंड. बेरीज १०३ इंच. १४ फूट म्हणजे १६८ इंच, उरले ६५. स्टूलच्या मागून जायला ४४ पुरतात. म्हणजे गल्ली बिनधास्त ४८ करा, तरी वाटेला ५९ राहतात. आयलंड ६ फूट लांब, दोन्ही टोकांना ३-३ फूट मोकळे. दर माणशी २४ इंच धरून तीन स्टूल बसतात. ३६ इंच उंचीच्या ओट्याला गुडघ्यांसाठी १५ इंच बाहेर काढावं लागतं, त्यामुळे आयलंडखालची कपाटं २१ इंचच खोल होतील. हे सुताराला आधी सांगा. ९-१० इंच बाहेर काढलेल्या ओट्याशी बसणारा माणूस आडवा बसतो आणि दहा मिनिटांत उठतो.

आता नव्या १३ फुटांत टेबल आणि सोफा. सहा जणांचं टेबल ६ बाय ३ फूट. ते खोलीला आडवं ठेवलं तर लांबीच्या दिशेने टेबलाचे ३ आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांचे ३-३, मिळून ९ फूट. सोफा ३६ इंच, मधली फट १६, टीपॉय २०, पुढची वाट ३६: हेही ९ फूट. एकूण १८. आपल्याकडे १३ आहेत. इथे बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: खोली पाच फूट लांबवतात, किंवा सोफा-टेबल लहान घेतात.

त्याआधी मोकळ्या जागा वाटून घेता येतात का ते पाहा. आयलंडच्या टोकाशी ३ फूट आधीच मोकळे आहेत. टेबलाच्या त्या बाजूच्या खुर्च्या याच जागेत सरकतील. मागून चालायला ४४ इंच हवेत, म्हणजे नव्या भागातले फक्त ८ इंच घ्यायचे. टेबल ३६. पलीकडच्या खुर्च्यांच्या मागे सोफ्याची पाठ आहे, तिथून कोणी जात नाही, म्हणून ३२ पुरे. मग सोफा, फट, टीपॉय मिळून ७२. टीपॉयच्या पुढे वाट नकोच, कारण अंगणाचं दार डावीकडच्या वाटेवर आहे. ८ + ३६ + ३२ + ७२ = १४८ इंच, म्हणजे १२ फूट ४ इंच. ८ इंच उरले आणि एकही वस्तू लहान करावी लागली नाही.

पण अंगणाचं दार उजवीकडे असतं तर हा हिशेब कोसळला असता. टीपॉयच्या पुढे ३६ इंच सोडावेच लागले असते. एका दाराच्या जागेवर जवळजवळ अडीच फूट बांधकाम अवलंबून आहे.

टीव्ही लावायचाच असेल तर काचेशी काटकोनात असलेल्या भिंतीवर लावा. काचेसमोरच्या भिंतीवर त्यात खिडकी दिसते, आणि काचेच्या पुढ्यात ठेवला तर डोळे दिपतात. या मांडणीत तो उजव्या भिंतीवर येईल आणि सोफ्यावरून थोडं वळून पाहावं लागेल. टीव्ही ही घरातली मुख्य गोष्ट असेल तर सोफा एल आकाराचा घ्या.

ओट्याची रांग

उजव्या भिंतीवर १२ फूट, म्हणजे १४४ इंच मिळाले. मनातलं सगळं एकदम मांडून पाहा: फ्रिज ३६, सामान ठेवायला २४, सिंक ३०, कामाची जागा ३६, शेगडी ३०, पलीकडे १५. बेरीज १७१. बसत नाही. हे बांधकामानंतर कळलं की बळी जातो तो कामाच्या जागेचा, आणि शेगडी-सिंक एकमेकांना चिकटतात.

आयलंडची मदत घ्या. चिरणं-मळणं तिकडे जाऊ द्या. मग रांग अशी: भिंतीलगतची फट धरून फ्रिज ३६, ओटा १८, सिंक २४, ओटा २४, शेगडी ३०, शेवटी १२. बरोबर १४४. मध्यबिंदूंमधली अंतरं ४८, ५१ आणि ९९ इंच, बेरीज साडेसोळा फूट. त्रिकोणाच्या मर्यादेत बसलं. फ्रिज हॉलच्या दाराकडच्या टोकाला, कारण बाकीचे लोक तिथूनच येतात.

फ्रिज भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर २ ते ३ इंचांची फट सोडल्याशिवाय दार काटकोनापलीकडे उघडत नाही आणि आतले खण बाहेर येत नाहीत. मूठ ओट्याकडच्या बाजूला हवी. डिशवॉशर सिंक आणि शेगडीच्या मधल्या २४ इंचांत बसेल. त्याचं दार उघडं असताना शेगडीशी उभं राहणारा अडतो का ते पाहा. इथे गल्ली ४८ इंच असल्याने मागून जाता येतं. ४२ असती तर नसतं. शेगडीच्या पलीकडचे १२ इंच कमी करू नका, बाहेर आलेल्या मुठीला धक्का लागून गरम भांडं खाली येतं.

ओट्याची उंची ३६ इंच हे चालू माप आहे. जास्त काम करणाऱ्या व्यक्तीला कोपर वाकवून उभं करा आणि कोपराच्या ४ ते ६ इंच खाली ओटा घ्या.

उजेड

खिडकीतून येणारा कामाचा उजेड तिच्या वरच्या काठाच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट आत पोचतो. ७ फूट उंच काचेच्या दारातून १४ ते साडेसतरा फूट. आपल्या खोलीत ओटा १३ फुटांवर सुरू होऊन २५ वर संपतो, म्हणजे स्वयंपाकघराचा मोठा भाग दिवसाही अंधारा. मागे खोली वाढवणाऱ्यांची ही सर्वांत मोठी निराशा असते: नवी खोली झळाळते आणि जुनी तिच्या सावलीत जाते. काच रुंद करून फरक फारसा पडत नाही. उंच केली तर पडतो. त्याहून जास्त फरक पडतो छपरातल्या झरोक्याने, कारण तो आभाळ थेट पाहतो.

झरोका अंगणाकडे घेऊ नका, तिथे उजेड आहेच. जुन्या-नव्याच्या सांध्याला, जुन्या भिंतीच्या जितका जवळ घेता येईल तितका घ्या. या खोलीत टेबलाच्या ओट्याकडच्या काठावर ६ बाय ३ फुटांचा एक लांबट झरोका दोन छोट्या झरोक्यांपेक्षा बरा. तो उघडणारा असेल तर गरम हवा आणि वाफ तिथूनच बाहेर जाते.

काच पश्चिमेला असेल तर संध्याकाळचं ऊन खाली उतरून थेट खोलीत शिरतं, आणि छज्जा ते अडवत नाही. त्याला बाहेरून उभ्या पट्ट्या, सरकती जाळी किंवा झाड लागतं. आतल्या पडद्याने डोळ्यांना आराम पडतो, पण ऊन काचेतून आत आलेलंच असतं, उष्णता खोलीत राहते.

पाणी, धूर, वीज

सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला पाव इंच ढाळ लागतो. १० फुटांवर अडीच इंच. भिंतीच्या ओट्यात हे कपाटाखाली लपतं. आयलंडमध्ये सिंक घेतलं की पाइप फरशीखालून न्यावा लागतो, आणि हवेच्या पाइपची सोय नसेल तर पाणी वेगाने जाताना ट्रॅपमधलं, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपात साठून वास अडवणारं, पाणी ओढून नेतं. मग गटाराचा वास थेट टेबलाशी. सिंक भिंतीला ठेवणं आणि आयलंड कोरडं ठेवणं हाच सल्ला. उष्ट्या भांड्यांचा ढीग पाहुण्यांच्या समोर येत नाही हा वरचा फायदा. नवी खोली जुन्या चेंबरवर येत असेल तर चेंबर बाहेर हलवा. फरशीखाली गेलेलं चेंबर पहिल्यांदा तुंबतं तेव्हा नवी फरशी फोडावी लागते.

चिमणीचा धूर बाहेर काढणारा पाइप ६ इंच व्यासाचा, आखूड आणि शक्य तितका सरळ हवा. प्रत्येक काटकोनी वळण हवेचा ओघ कमी करतं आणि आवाज वाढवतं. म्हणून शेगडी बाहेरच्या भिंतीला. आयलंडवर शेगडी घेतली तर पाइप छतातून न्यावा लागतो, तुळई आडवी येते, आणि शेवटी फिल्टर लावून हवा तिथेच फिरवणारी चिमणी बसवली जाते. ती तेलकटपणा काही अंशी पकडते. वाफ मात्र खोलीतच राहते आणि सोफ्याच्या कापडात मुरते. उघड्या मांडणीत हा मुद्दा बंद स्वयंपाकघरापेक्षा दुपटीने महत्त्वाचा आहे.

आयलंडला प्लग हवा असेल तर कॉंक्रीट ओतण्याआधी फरशीखालून पाइप टाका, एक रिकामा जास्तीचा टाका. ओव्हन आणि इंडक्शनला स्वतंत्र सर्किट. दिवे तीन वेगळ्या बटणांवर: ओटा, टेबल, बैठक. जेवताना ओट्यावरचा पसारा अंधारात घालवता येतो. टेबलावरचा लटकता दिवा टेबलापासून २८ ते ३२ इंच वर असतो, त्यामुळे टेबलाची जागा पक्की झाल्याशिवाय छतातला पॉइंट काढू नका.

जुनी भिंत आणि सांधा

मधली भिंत भार पेलते का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं. ठोकून पाहून कळत नाही. तिच्या जागी तुळई येते, तुळईच्या दोन्ही टोकांना भार खाली नेणारे खांब किंवा भिंतीचे तुकडे राहतात. हे तुकडे एक-दीड फूट बाहेर येऊ शकतात. नकाशावर ते काढले नसतील तर नेमके ओट्याच्या किंवा वाटेच्या आड येतात. आपल्या मांडणीत उजवा तुकडा ओट्याच्या शेवटाशी येतो, म्हणजे ओटा तिथेच नीट संपतो. डावा तुकडा वाटेचे ५९ इंच कमी करून ४७ किंवा ४१ करतो. चालतं, पण आधी माहीत हवं.

तुळई छतात लपवायची की खाली दिसू द्यायची हाही मांडणीचाच प्रश्न. लपवायला खर्च आणि काम वाढतं. दिसणारी तुळई स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधली रेघ म्हणून चांगली दिसते, ती आयलंडच्या मधोमध आली नाही म्हणजे झालं.

जुना पाया बसून स्थिर झालेला असतो, नवा अजून बसायचा असतो. दोन्ही भिंती घट्ट जोडल्या तर सांध्यावर तडा जातोच. तिथे हलणारा सांधा ठेवा आणि फरशीतही त्याच रेषेत जोड घ्या. नव्या फरशीखालचा ओलावा अडवणारा थर जुन्या थराला जोडून घेतला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात सांध्याजवळ ओल वर येते. फरशी, तिच्याखालचा मसाला आणि थर यांची जाडी आधीच धरून कॉंक्रीटची पातळी ठरवा. अर्ध्या इंचाची पायरी राहिली तर रोज कोणीतरी ठेचकाळतं. अंगण आतल्या फरशीपेक्षा ६ इंच खाली हवं. सपाट उंबरठा हवा असेल तर दाराबाहेर जाळीची पन्हळ घ्या, नाहीतर जोराच्या पावसात पाणी आत येतं.

आवाज

काच, फरशी, दगडी ओटा, उघडं छत: सगळं कडक. मिक्सर, चिमणी आणि टीव्ही एकाच वेळी चालू झाले की कोणालाच काही ऐकू येत नाही. सोफ्याखाली मोठा गालिचा, जाड पडदे, टेबलावरच्या छताला आवाज शोषणारं अस्तर यांनी बराच फरक पडतो. डिशवॉशर ४४ डेसिबल किंवा कमीचा घ्या. कपडे धुण्याचं मशीन या खोलीत आणू नका, कोठीत दारामागे ठेवा. आयलंडच्या बैठकीकडच्या काठाला ६ ते ८ इंच उंच कठडा घेतला तर ओट्यावरचा पसारा सोफ्यावरून दिसत नाही. फक्त मग स्टूलची उंची कठड्याप्रमाणे घ्यावी लागते.

फरशीवर आखून पाहा

अंगणात किंवा मोकळ्या जागेवर खोली खऱ्या मापात चुन्याने किंवा चिकटपट्टीने आखा. ओटा आणि आयलंडच्या जागी ३ फूट उंचीपर्यंत खोके रचा, टेबल-खुर्च्या खऱ्याच आणा. कागदावर ४२ इंच पुरेसे दिसतात. खोक्यांमध्ये उभं राहिल्यावर दोघांचे कोपर लागतात की नाही ते कळतं.

मग कामं करून पाहा. एकाने डिशवॉशरच्या जागी पुठ्ठ्याचं दार उघडं धरावं, दुसऱ्याने फ्रिजपासून शेगडीपर्यंत जावं. सहा जणांनी टेबलाशी बसावं आणि एकाने पाण्याने भरलेलं मोठं पातेलं घेऊन खुर्च्यांमागून जावं. हातात पिशव्या घेऊन हॉलच्या दारापासून ओट्यापर्यंत या. डोळे मिटून अंगणाच्या दाराकडे निघा आणि कुठे धडकता ते पाहा, कारण रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलेला माणूस याच रेषेने चालतो. जिथे खोका हलवावा लागला ते माप नकाशावर लाल पेनाने दुरुस्त करा, आणि हाच दुरुस्त नकाशा इंजिनिअरकडे द्या. खिडक्या, ड्रेनेज आणि विजेचे पॉइंट त्याच्यावरून ठरू देत. ओट्याचं ग्रॅनाइट आणि कपाटांची मापं मात्र भिंतींना गिलावा झाल्यावर पुन्हा घ्या, गिलाव्यात दोन्ही बाजूंनी मिळून दीड-दोन इंच सहज जातात.